माझ्या मधात साखर न्हवती

मध खरा का खोटा ते कसं ओळखायचं, असं मला लोक अजून विचारतात. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याचं त्याला आधीच पाठ असतं. कुत्र्यापुढं ठेवा, कुत्रं तोंड लावत न्हाई. कापसाची वात बुडवून काडी लावा, पेटली तर खरा. पाण्यात थेंब सोडा, धार सरळ तळाला गेली तर खरा. कागदावर टाका, डाग फुटला न्हाई तर खरा. मी सगळं ऐकून घेतो आणि मंग सांगतो की बाबा, ह्या चारही परीक्षांत साखरेचा घट्ट पाक बराबर पास होतो. आणि माझा मध एकदा नापास झाला होता. ऐकणारा हसतो. मला त्याच्यात हसण्यासारखं आजवर काही सापडलं न्हाई.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेल्तो. लिहायला बसलो की ओळ वर चढते, पण मोहोळ कापण्यात मला कुणी शहाणपण शिकवू नये. ते मला बापानं शिकवलं. आमच्या शिवारात, तीर्थपुरीच्या अंगाला, बोरीत, बाभळीत बारक्या माशीचं मोहोळ लागतं. पंजाएवढं असतं, लई झालं तर ताटलीएवढं. फांदीला धरून वर मधाचा फुगवटा असतो, त्याला आम्ही कांदा म्हणतो. खाली लोंबतं ते पिल्लांचं पोळं. येडं माणूस सगळंच तोडतं आणि फडक्यात पिळतं. पिल्लांचं पाणी मधात उतरतं आणि आठ दिवसांत मध आंबतो. माझ्या बापाची रीत अशी, की कांदा तेवढा काढायचा आणि पिल्लांचं पोळं कपाशीच्या वाळक्या पळाटीच्या दोन कामट्यांत धरून सुतळीनं पुन्हा त्याच फांदीला बांधायचं. माश्या कधी परत बसतात, कधी न्हाई. पण बांधल्याबिगर झाडाखालून हलायचं न्हाई. बाप म्हणायचा, "चोरी करतो तर दार तरी लावून ये."

तीर्थपुरीला एक वैद्य होते, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. त्यांच्या चाटणाला मध लागायचा. आधी माझा बाप द्यायचा, मंग मी दिला. त्यांच्या फळीवर मधाची एकच बरणी असायची आणि ती आमची. नवं लेकरू जन्मलं की घरचं माणूस वैद्यांकडं यायचं, ते त्या बरणीतला चमचाभर मध वाटीत द्यायचे. आमच्या गावात कितीतरी जण असे हायेत की त्यांच्या जिभेवर पहिलं काय गेलं ते मला ठावूक हाये. त्याचा मला अभिमान होता. अजून हाये.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ती लपवली तर पुढचं माझं सगळं बोलणं खोटं पडंल.

परतूरच्या बाजारात एक चाचा बसायचे. अत्तर, सुरमा, जडीबुटी आणि सोबत मधाच्या पाच-सात बाटल्या. मी एका हिवाळ्यात कापूस घेऊन परतूरला गेल्तो. ऐंशीच्या पुढची सालं, सूर्यफूल तिकडं नवंनवं पेरायला लागले होते. चाचांच्या बाटल्या पाहिल्या तर मध पांढुरका, दाणेदार, तुपावाणी थिजलेला. मला ते सहन झालं न्हाई.

मी म्हणलो, "चाचा, साखर किती टाकली ह्याच्यात?"

"एक दाना भी नहीं, पटेल. जाड़े में जम जाता है." कुणाबी शेतकऱ्याला ते पटेलच म्हणायचे.

"आम्ही बी मोहोळ कापतो. आमचा कसा जमत न्हाई?"

"तुम्हारे उधर के फूल अलग होंगे."

"असं. मंग साखरेला कोणतं फूल येतं ते तरी दाखवा."

भवतालची माणसं हसली. हसली म्हणून मला जोर चढला. मी बाटली उचलली, बूच काढलं आणि भर बाजारात उलटी धरली. थेंब खाली आला न्हाई. एका माणसानं नुकतीच घेतलेली बाटली परत ठेवली. चाचांनी हात पुढं केला. माझ्या हातातून बाटली घेतली, बूच बसवलं आणि सुरम्याच्या डब्या नीट लावत राह्यले. पुढच्या साली त्यांच्यापुढं मध न्हवता. मी ते घरी येऊन सांगितलं, चोर पकडल्यासारखं.

दोन-तीन सालांनी सूर्यफूल आमच्याकडं बी आलं. मी स्वतःच दीड एकर पेरलं. फुलं उमलली तशी माशी अशी तुटून पडली की बोलायची सोय न्हाई. बांधावरच्या बोरीत मोहोळंच मोहोळं. दिवाळीच्या आधी मी कांदे काढले, जाड फडक्यातून मध आपोआप गळू दिला आणि वैद्यांची बरणी भरून आलो. तव्हा तो पातळ होता, पिवळा जर्द.

संक्रांतीच्या सुमाराला त्यांचा निरोप आला. मी गेलो तर ओसरीवर दहा माणसं बसलेली. वैद्यांनी बरणी माझ्यापुढं ठेवली. आतला मध पांढुरका झाला होता. त्यांनी चमचा खोचला, सोडला. चमचा उभाच राह्यला.

"हे काय आहे?"

"मध हाये."

"चमचा उभा राहणारा?"

"थंडीनं झालं असंल."

"तुमच्या वडिलांच्या काळात थंडी पडत नव्हती काय?"

आमचा मध असा गोठलेला मी स्वतः कधी पाह्यला न्हवता. खांबाशी एक म्हातारी खोकत बसली होती. ती म्हणली, "साखर एवढी महाग झाली म्हणत्यात, ह्याला कुठून परवडली?" दुसरा म्हणला, "रेशनची असंल, काकू." सगळे हसले.

वैद्य म्हणाले, "मी कुणाजवळ बोलणार नाही. पण ह्यापुढं आणू नका." कुणाजवळ बोलणार न्हाई, असं ते दहा माणसांपुढं बोलले.

गावापर्यंत मी पायी आलो आणि माझ्या आधी बातमी पोचलेली होती. आमच्या बापाच्या हातचा मध पोरांच्या जिभेवर गेला, आणि माझ्या हातची साखर, अशी ती बातमी. लोक तोंडावर काही म्हणत न्हवते. पारावर मी गेलो की पिकापाण्याचं बोलायला लागायचे, एवढंच. घरी कारभारीण म्हणली, "घरातला मध ऊन पाण्यात ठेवा, इरघळंल. पातळ करून देऊन या आणि मिटवा." तिचं म्हणणं सोपं होतं. पण मध तापवायचा न्हाई, हे वैद्यांनीच माझ्या बापाला सांगितलेलं. आणि मी म्हणलो, लपवून पातळ केला तर मंग खरंच चोर झालो की. ती म्हणली, "मंग बसा ताठ." मी बसलो ताठ.

त्याच महिन्यात तीर्थपुरीच्या बाजारात एक मधवाला आला. पत्र्याची बादली, वर पोळ्याचा तुकडा तरंगत असलेला, त्याला चार मेलेल्या माश्या चिकटलेल्या. अंगात खाकी शर्ट, म्हणजे जंगल खात्यातून आल्यासारखं वाटावं. त्यानं वात बुडवून पेटवली. पाण्याच्या गिलासात धार सोडली. बाजारातलं एक कुत्रं हाक मारून बोलावलं आणि बोट पुढं केलं, कुत्र्यानं हुंगून तोंड फिरवलं. भज्यांच्या गाड्याखाली बसून बसून त्याचं पोट टम्म भरलेलं, ते कशाला चाटतंय. लोक मात्र माना डोलवू लागले.

मी जवळ गेलो. ते पोळं मधाचं न्हवतंच. पिल्लं उडून गेलेलं, वाळकं, काळं पोळं होतं. अशा पोळ्यात मध राहत न्हाई हे मोहोळ कापणारं कुणीबी सांगंल. बादलीला नाक लावलं तर गोड वास, पण कशाचा म्हणून न्हाई. कडुलिंबाच्या मधाला मागून कडवट चव असते. तिळाच्या मधाला तिळाच्या फुलाचा वास असतो. ह्याला काहीच न्हवतं.

मी म्हणलो, "कोणत्या फुलाचा हाये?"

"जंगलाचा आहे, काका."

"कोणत्या जंगलाचा? इथून कोणीकडं हाये ते जंगल?"

"काका, टेस्ट सगळ्यांसमोर केली ना. तुम्ही बी करा."

"कधी कापलं? कोणत्या झाडाचं?"

मागून आमच्याच गावचा एक बोलला, "त्याचा गोठत न्हाई ना, म्हणून जळून राह्यलेत." पुन्हा हसणं. आणि गर्दीतून वैद्यांचा माणूस पुढं आला आणि बरणी भरून घेऊन गेला. माझी बरणी. तीच, काचेची, झाकणाला तार बांधलेली, माझ्या बापानं आणून दिलेली.

चोराचा राग येतोच, पण तो त्याचं पोट भरून राह्यला होता. मला राग त्या माना डोलवणाऱ्यांचा आला. माशी कुठं बसली, झाड कुणाचं, बांध कुणाचा, हे ज्याला सांगता येतं त्याला चोर म्हणायचं, आणि ज्याला एक बी सांगता येत न्हाई त्याच्यासाठी कुत्र्याची साक्ष घ्यायची.

मी त्याच्याकडून एक बाटली विकत घेतली, घरातल्या माझ्या मधाची एक भरली आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसलो. बदनापूरला शेतीचं संशोधन चालतं, तिथून मी तुरीचं बी आणायचो. तिथल्या एका सरांशी बोलण्यापुरती ओळख होती. बोलण्यापुरतीच. पण ह्या मुलखात मध कशाला म्हणतात ते बघायला दुसरं कुणी मला ठावूक न्हवतं. मी दोन्ही बाटल्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या आणि एवढंच म्हणलो, "ह्यातला चोर कोण ते सांगा."

सर म्हणाले, "हे माझं काम नाही, आजोबा." तव्हा मी पन्नाशीच्या आत होतो. मी म्हणलो, "आजोबा म्हणता तर मंग बघून द्या." ते हसले. दोन्हीतला थोडा थोडा मध पाण्यात कालवला, निवळू दिला, तळाचा थेंब काचेवर घेतला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. मी बाकड्यावर बसलो. किती वेळ गेला माहीत न्हाई.

डोळा न काढताच ते म्हणाले, "तुमच्या शिवारात सूर्यफूल आहे काय?"

मी सूर्यफुलाचं नाव बी काढलं न्हवतं.

त्यांनी मला बघू दिलं. पिवळे गोळे, अंगभर काटे असलेले, गोखरूवाणी. ते म्हणाले हा फुलातला पराग, माशीच्या अंगावरून मधात येतो, प्रत्येक फुलाचा वेगळा असतो. मंग दुसरी काच लावली. तिच्यात शेतच न्हवतं. एखाद-दुसरा कण, बाकी मोकळं रान.

"आणि गोठला कशानं?" मी विचारलं.

"मधात दोन जातीच्या साखरा असतात, फुलातूनच येतात. एक थंडीत बसते. सूर्यफुलाच्या मधात ती जास्त. तो गोठणारच. नाही गोठला तर मी विचारात पडीन."

मी म्हणलो, कागदावर लिहून द्या आणि शिक्का मारा. ते न्हाई म्हणाले. एक म्हणजे त्यांना तसा हक्क न्हवता. दुसरं, ते म्हणाले, "सूर्यफुलाचा पराग आहे एवढं मी सांगतो. त्यात वरून कुणी थोडा पाक ओतला असता तर ह्या काचेवरून मला छातीठोक सांगता आलं नसतं. त्याला मोठी प्रयोगशाळा लागते." माझा राग उफाळला, पण माणूस खरं बोलत होता. खऱ्या माणसावर किती वेळ रागवायचं. उठताना मी विचारलं, "परतूरच्या अंगाला सूर्यफूल आधी आल्तं न्हवं?" ते म्हणाले, "हो, दोन-तीन वर्षं आधी."

एसटीत मी खिडकीपाशी बसलो आणि वैद्यांचाच विचार करत राह्यलो. चाचांचा विचार करायचा न्हाई असं ठरवलं होतं.

वैद्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "लिहून दिलंय का?"

"न्हाई."

"मग तुमचंच बोलणं झालं ते."

"मंग माझं बोलणं नका धरू. तुमचे डोळे धरा. चला माझ्या शेतात. रब्बीचं सूर्यफूल फुललंय."

ते येतील असं मला वाटलं न्हवतं. आले. धोतर वर खोचून, ढेकळांतून, हातात स्वतःची धुतलेली रिकामी बाटली. बांधावरच्या बोरीत मोहोळ होतं. मी हलकासा धूर दिला, माश्या बाजूला सरकल्या, कांदा काढला. वैद्यांनी तो स्वतःच्या फडक्यात घेतला. मी पिल्लांचं पोळं कामट्यांत धरून बांधायला लागलो तर ते म्हणाले, "हे कशाला?"

"दार लावून येतो."

त्यांना ते कळलं न्हाई आणि मी सांगितलं न्हाई. त्यांनी माझ्यापुढं बसून मध गाळला, बाटलीच्या तोंडाला कापड बांधलं, स्वतःच्या गाठी मारल्या आणि त्या गाठींवर लाख लावली. त्या बाटलीला माझं बोट लागलं न्हाई.

आता सगळं थंडीवर होतं. शिवरात्र झाली की आमच्याकडं थंडी जाते. तोवर मध बसला न्हाई तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी चोर. पहाटे उठून मी आंगणातल्या हंड्याला हात लावून बघायचो. कारभारीण म्हणायची, "आता थंडीला बी तुमचा धाक हाये का?" एक आठवडा ढग आले, गारवा गेला. दर बाजाराला वैद्यांच्या फळीकडं लांबून बघून यायचो. बाटली पिवळीच. मंग आभाळ मोकळं झालं, थंडी पुन्हा पडली, आणि एका बाजाराला बाटलीच्या तळाला धुरकट रेघ दिसली. पुढच्या बाजाराला अर्धी बाटली पांढरी झालेली.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी वैद्यांनी मला दुपारी बोलावलं. ओसरीवर कुणी न्हवतं. लाख त्यांनीच फोडली. चमचा खोचला. उभा राह्यला. बाजारवाल्याचा मध त्यांनी परसात ओतून बरणी घासून ठेवली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले.

मी म्हणलो, "दहा जणांपुढं म्हणाला होता. हे बी दहा जणांपुढं म्हणा. बाजाराच्या दिवशी."

"लई हट्टी आहात."

"हाये."

आणि बाजाराच्या दिवशी ते बोलले. ओसरी भरलेली असताना, माझी बरणी हातात घेऊन बोलले, की ह्या माणसाच्या मधात साखर नव्हती, अक्कल माझ्यात नव्हती. ती खोकणारी म्हातारी बी होती. ती म्हणली, "मंग थिजलेलाच द्या मला, सांडायचा तरी न्हाई."

मी छाती काढून घरी निघालो. ओढ्यापर्यंत गेलो आणि तिथं थांबलो. जो हिशोब मी वैद्यांना लावला, तोच मला लागत होता. दहा माणसांपुढं बोललात तर दहा माणसांपुढं परत घ्या. आणि चाचांना मी भर बाजारात बोललो होतो.

पुढच्या बाजाराला मी गोठलेल्या मधाची बाटली घेऊन परतूरला गेलो. चाचा त्याच जागी होते, दाढी पार पांढरी झालेली. समोर अत्तर आणि सुरमा. मला वाटलं त्यांना माझी ओळख लागणार न्हाई, म्हणजे आधी सगळं समजून सांगावं लागंल. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आओ पटेल. कपास लाये क्या?"

मी बाटली त्यांच्या चादरीवर ठेवली. शेजारचा चपला शिवणारा, पलीकडची बांगडीवाली, गिऱ्हाईकं, सगळ्यांना ऐकू जावं असं म्हणलो, "चाचा, तुमच्या मधात साखर न्हवती. मी इथंच उभा राहून खोटं बोललो होतो. मला ठावूक न्हवतं, तरी बोललो."

चाचांनी बाटली उचलली, बूच काढलं आणि उलटी धरली. मध खाली आला न्हाई. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, लोकांना नीट दिसंल अशी.

"पटेल," ते म्हणाले, "इसमें शक्कर कितनी डाली?"

बांगडीवाली आधी हसली, मंग सगळे. मी बी ते सोसलं. मला ते सोसायचंच होतं.

"एक दाना भी नहीं," मी म्हणलो.

त्यांनी करंगळीनं जरासा काढून जिभेवर ठेवला, डोळे मिटले. "सूरजमुखी," म्हणाले. बूच बसवलं आणि बाटली अत्तराच्या बाटल्यांमध्ये पुढं ठेवली. मी विचारलं, पुन्हा मध विकायला ठेवणार का, मी आणून देतो. ते म्हणाले, "नहीं पटेल. अब कौन समझाता बैठे सबको."

ते पुढं दहा-बारा सालं त्या जागी बसले आणि मध कधी ठेवला न्हाई. मी दर हिवाळ्यात एक बाटली त्यांच्या घरी देऊन यायचो. ते घ्यायचे, चहा पाजायचे आणि दर साली दारातच बाटली उलटी करून बघायचे.